दार खाली आलं: पिट्सबर्गचं काउंटी कोर्ट

चिऱ्याची कड छिन्नीनं सरळ धरलेली, तोंड मात्र खडबडीत सोडलेलं. मॅसॅच्युसेट्समधल्या मिलफर्डचा हा गुलाबी ग्रॅनाइट. नक्षी थोडी, नेमक्या जागी. बाकी भिंत वजनावर आणि सावल्यांवर उभी.

हे अ‍ॅलेगेनी काउंटीचं कोर्ट, आपल्या हिशेबानं जिल्हा न्यायालय. इथली आधीची इमारत घोटीव वालुकाश्माची होती, दगड नदीपलीकडच्या डोंगरातला. कोळशाच्या धुरानं त्याचे पापुद्रे सुटले, कंगण्या ढासळू लागल्या. १८८२च्या आगीनं उरलंसुरलं संपवलं.

नव्या इमारतीचे आर्किटेक्ट हेन्री हॉब्सन रिचर्डसन. धुराचा बंदोबस्त त्यांनी नकाशातच केला. हा पुढचा बुरूज सुमारे २४९ फूट उंच आहे, आणि तो नुसता मिरवायला नाही. धुराच्या वरची त्यातल्या त्यात स्वच्छ हवा त्यातून खाली ओढायची, दालनांत खेळवायची आणि कोंदट हवा मागच्या दोन बुटक्या बुरुजांतून बाहेर सोडायची. मधे मोठा चौक, म्हणून आतल्या बाजूच्या खोल्यांनाही उजेड मिळतो.

रॉस स्ट्रीटवरचा हा दगडी पूल तुरुंगाकडे जातो. कैदी रस्त्यावर न उतरता थेट कोर्टात. तुरुंग १८८६ मध्ये तयार झाला, कोर्ट १८८८ मध्ये. रिचर्डसन एप्रिल १८८६ मध्येच गेले, अवघ्या ४७व्या वर्षी. पुढचं काम शेपली, रुटन आणि कूलिज या आर्किटेक्ट मंडळींनी तडीस नेलं. तुरुंग १९९५ मध्ये बंद झाला. आता तिथे कौटुंबिक न्यायालय भरतं.

आता पुढच्या बाजूला, ग्रँट स्ट्रीटवर. या कमानी एवढ्या उंच इमारतीला ठेंगण्या वाटतात ना? इथे मुळात दार नव्हतंच. कोर्ट टेकडीवर बांधलेलं. वाहतुकीला चढ नको म्हणून १९१३ मध्ये टेकडी छाटली, रस्ता खाली गेला आणि मुख्य दारं मजलाभर उंचीवर लटकली. मग बाहेरून मोठा जिना जोडला. १९२०च्या दशकात रस्ता रुंद करायचा निघाला आणि जिनाही गेला. दोन्ही वेळा रस्त्याचं चाललं. शेवटी दारं तळघराच्या पातळीवर उतरवली. जो भाग जमिनीखाली राहायचा, तोच आज दर्शनी आहे. आत शिरताच लागतात तळघराचे बोळ, आणि रिचर्डसन यांनी आखलेल्या प्रवेशाच्या मजल्यावर जायला आधी वर चढावं लागतं.