वीस हजार लीग म्हणजे किती?

ज्यूल व्हर्न या फ्रेंच लेखकाच्या पाणबुडीच्या कादंबरीचे नावच एका आकड्याने सुरू होते: समुद्राखाली वीस हजार लीग. हा आकडा ऐकला की बहुतेक मुले, आणि खरे सांगायचे तर बहुतेक मोठी माणसेही, ती समुद्राची खोली समजतात.

अशा वेळी चूक लगेच दुरुस्त करण्याचा मोह आवरावा आणि मुलाच्या हाती कागद-पेन्सिल द्यावी. एक लीग सुमारे ४ किलोमीटरचा धरला, तर २०,००० लीगचे ८०,००० किलोमीटर होतात. पृथ्वीचा व्यास मात्र १३,००० किलोमीटरही भरत नाही. एवढी खोल गेलेली पाणबुडी पृथ्वीच्या आरपार निघून अवकाशात पोहोचली असती! गणित करता करता मुलालाच उमगते की हे पाण्याखालून कापलेले अंतर आहे, विषुववृत्तावरून पृथ्वीला दोन फेऱ्या होतील इतके.

मराठी मुलांना व्हर्नची गोडी लावली ती भा. रा. भागवतांनी. फास्टर फेणेचे आणि पुस्तकवेड्या बिपिन बुकलवारचे जनक असलेल्या भागवतांनी व्हर्नच्या अनेक कादंबऱ्या अशा मराठीत आणल्या की मुलांना त्या परक्या वाटू नयेत.

मूळ कादंबरीत माशांच्या जातींच्या लांबच लांब याद्या आहेत. मुलाने ती पाने खुशाल उलटावीत. अभिजात पुस्तक ओळीन् ओळ वाचलेच पाहिजे, हा हट्ट आपला असतो, लेखकाचा नव्हे.

पाणबुडीचा कप्तान नेमो कोणत्या देशाचा, हे १८७० सालच्या या कादंबरीत शेवटपर्यंत कळत नाही. उत्तर मिळते ते १८७५ मध्ये पूर्ण झालेल्या, एका निर्जन बेटावरच्या दुसऱ्या कादंबरीत: नेमो हा बुंदेलखंडचा राजपुत्र डक्कार, १८५७ च्या उठावात इंग्रजांविरुद्ध लढलेला. इतिहासाच्या पुस्तकात झाशीची राणी आणि तात्या टोपे वाचलेल्या मुलाला हा धागा जेव्हा स्वतःहून सापडतो, तेव्हा एका फ्रेंच लेखकाला बुंदेलखंड कसे सुचले, हा पुढचा प्रश्न त्याच्या तोंडून आपोआप येतो.

हे रहस्य आम्ही येथे केवळ मोठ्यांसाठी फोडले आहे. मुलाला ते सांगू नये. दुसरी कादंबरी तेवढी त्याचा हात पोहोचेल अशा फळीवर ठेवावी.