आधी खोली, मग शिक्षण

सप्टेंबर १९१७. परदेशात शिकून आलेला एक तरुण बडोद्याला उतरतो. शिष्यवृत्ती याच संस्थानाची, महाराज सयाजीरावांची. करारानुसार आता नोकरीही इथेच करायची. पण राहायचं कुठे?

भीमराव आंबेडकरांना अस्पृश्य म्हणून हिंदू हॉटेलात जागा मिळणार नव्हती. एका पारशी धर्मशाळेत, पारशी नाव सांगून आणि दिवसाला दीड रुपया मोजून ते राहिले. वरच्या मजल्यावर अगदी एकटे. वीज नाही. रखवालदार एक छोटा कंदील आणून द्यायचा, त्याचा उजेड वीतभरही पोचत नसे. शेजारच्या अडगळीच्या दालनात वटवाघळं फडफडत. अकराव्या दिवशी सकाळी ते कामावर निघाले, तोच काठ्या घेतलेले डझनभर पारशी जिना चढून आले. संध्याकाळच्या आत खोली खाली करा, म्हणाले. दोन मित्रांना विचारून झालं, दोघांनीही अडचण सांगितली. रात्री नऊच्या मुंबईच्या गाडीपर्यंतचे तास त्यांनी कमाटीबागेत काढले.

शिष्यवृत्ती होती, पदवी होती, नोकरी होती. खोली नव्हती, म्हणून बडोदा सोडावं लागलं.

याच बागेच्या आसपास आज महाराजा सयाजीराव विद्यापीठ पसरलं आहे. १९४९ मध्ये ते स्थापन झालं, हंसा मेहता पहिल्या कुलगुरू. शिकवणं इंग्रजीतून, त्यामुळे गुजरातबाहेरची मुलंही येतात. वसतिगृहांना इथे ‘हॉल’ म्हणतात.

जूनमध्ये एखादा बाप मुलाला सोडायला येतो. गादी, बादली, कुलूप आणि आईने बांधून दिलेला ठेचा. रूम पार्टनर कोण, कुठल्या जातीचा, हे घरच्यांनी ठरवायचं नसतं, यादी ठरवते. जळगावच्या पोराला मेसची डाळ गोड लागते, तो तीत ठेचा कालवतो, आणि चार दिवसांत सुरतेचा पार्टनर त्या बरणीत बोट घालायला लागतो. परीक्षेच्या आदल्या रात्री एका टेबलावर दोघांची पुस्तकं. वर्गात हे शिकवता येत नाही. आम्हाला तर वसतिगृह हा शिक्षणाचा अर्धा भाग वाटतो.

पण खोल्या सगळ्यांना पुरत नाहीत. यादीत नाव लागलं नाही की फतेगंजात, सोसायट्यांमध्ये शोध सुरू होतो. घरमालक भाडं सांगण्याआधी आडनाव विचारतो. रावपुरा, दांडिया बाजारातल्या आपल्या मराठी घरांनीही स्वतःला विचारून पाहावं: भाडेकरू ठेवताना आपण काय विचारतो?

बाहेरगावच्या, पहिल्या वर्षाच्या प्रत्येक मुलामुलीला प्रवेशाबरोबरच खोली मिळायला हवी. नवा हॉल बांधायला वेळ लागतो हे खरं. तोवर विद्यापीठाने स्वतः घरमालकांची यादी करावी, भाडं ठरवून घ्यावं, आणि भाडेकरूची जात विचारणार नाही असं त्यांच्याकडून लिहून घ्यावं.