आधी रुंदी विचारा

वळणावळणाच्या अरुंद रस्त्यावर सगळ्यांत वेगवान गाडी कोणती, हा प्रश्न मला इतक्या वेळा विचारला गेलाय की आज त्याचं उत्तर सवडीनं द्यायचं ठरवूनच मी इथे उभा आहे. विचारणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा दोन-तीन नावं आधीच असतात आणि ती हॉर्सपॉवरच्या क्रमानं लावलेली असतात. त्यातल्या एकावर मी शिक्कामोर्तब करावं, एवढीच अपेक्षा असते. मला मात्र आधी त्या गाडीची रुंदी विचारावीशी वाटते. असं का, ते सांगायला थोडं मागे जावं लागेल.

१९७० साली पोर्शकडे ९१७ ही गाडी होती. बारा सिलिंडर, सहाशेच्या जवळपास हॉर्सपॉवर, वजन साधारण ८०० किलो. त्याच वर्षी तिनं ल मांची चोवीस तासांची शर्यत जिंकली. असं असूनही सिसिलीतल्या टार्गा फ्लोरिओच्या शर्यतीत पोर्शनं ती उतरवली नाही. टार्गा फ्लोरिओ म्हणजे डोंगरातून, गावांमधून जाणाऱ्या नेहमीच्या रस्त्यांवरची शर्यत. एक फेरी ७२ किलोमीटरची, आणि तेवढ्यात वळणं शेकड्यांनी. त्या रस्त्यासाठी पोर्शनं ९०८/०३ नावाची वेगळी गाडी बांधली. तीन लिटरचं इंजिन, साडेतीनशेच्या आसपास हॉर्सपॉवर, वजन फक्त ५४५ किलो. वजन जितकं मध्याकडे आणता येईल तितकं आणायचं म्हणून गिअरबॉक्स मागच्या ॲक्सलच्या पुढे घेतला आणि चालकाला पार नाकाजवळ बसवलं. पहिले दोन नंबर याच गाडीनं घेतले. पाच लिटरची फेरारी तिसरी आली. त्या दिवशीची सगळ्यांत वेगवान फेरी होती ३३ मिनिटं ३६ सेकंदांची. सरासरी काढा, ताशी १२८ किलोमीटर येते. जगातले उत्तम चालक, खास त्या रस्त्यासाठी बांधलेली गाडी, समोरून कुणी येणार नाही याची खात्री, आणि तरी सरासरी एवढीच. वळणं किती वेग गिळतात, याचा याहून स्वच्छ पुरावा मला माहीत नाही.

आता आपल्या रोजच्या वापरातल्या गाड्यांकडे येऊ. दोन वळणं घ्या, त्यांच्यामध्ये दोनशे मीटरचा सरळ तुकडा. पहिल्या वळणातून तुम्ही ताशी ६० नं बाहेर पडता आणि दुसऱ्यात ६० नंच शिरणार आहात. एका गाडीचा पिकअप दुसरीच्या दुप्पट आहे. एक सेकंदाला ताशी ११ किलोमीटरनं वेग वाढवते, दुसरी जवळपास २२ नं. दोघींचे ब्रेक सारखेच, जोरात दाबले तर सेकंदाला ताशी २९ किलोमीटर वेग कमी करणारे. दोघींनी जीव तोडून तो तुकडा पार केला तर साधी गाडी मध्ये ताशी १२२ ला पोचते, तगडी १४६ ला. वेळेतला फरक किती? एक सेकंदसुद्धा पूर्ण नाही. बरं, अशा रस्त्यावर वेगाची मर्यादा असते. ती ८० धरा. दोघी ८० ला पोचून तिथेच राहिल्या तर फरक उरतो सेकंदाच्या जेमतेम दहाव्या भागाचा. दुप्पट ताकदीतून पदरात पडलं ते इतकंच.

वळणात काय होतं ते बघा. वळणातला वेग टायरच्या पकडीच्या आणि वळणाच्या त्रिज्येच्या वर्गमुळानं वाढतो. पन्नास मीटर त्रिज्येच्या वळणावर चांगले टायर कोरड्या रस्त्यावर ताशी ७५ च्या आसपास टिकतात. पकड दहा टक्क्यांनी वाढवली, तर वेग पाचच टक्क्यांनी वाढतो. पंचाहत्तरचे एकोणऐंशी होतात. एवढ्यासाठी लोक रुंद टायर, कडक स्प्रिंग आणि मोठ्या रिमवर केवढा खर्च करतात!

आणि हे सगळं वळणाच्या पलीकडचं दिसत असेल तर. तेच तर दिसत नसतं. रस्त्याच्या कडेला झाडी असते, भिंत असते, दरड असते. ताशी ८० नं जाताना धोका कळायला एक सेकंद लागला तर त्या सेकंदात २२ मीटर जातात, आणि पुढे कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी तीसेक मीटर. म्हणजे ५४ मीटर तरी मोकळे दिसले पाहिजेत. ताशी १०० ला हेच अंतर ७७ मीटर होतं. रस्ता एकाच गाडीपुरता रुंद असेल, तर समोरच्यालाही थांबायला जागा लागते. अशा वेळी जेवढं दिसतंय त्याच्या निम्म्यातच तुम्हाला थांबता आलं पाहिजे. मोकळ्या ट्रॅकवर गाडीचा वेग टायर ठरवतात. अशा रस्त्यावर तो डोळे ठरवतात. त्यामुळे गाडी बघायला जाल तेव्हा सीटवर बसून पुढच्या काचेच्या दोन्ही बाजूंचे खांब किती जाड आहेत ते बघा. काही नव्या गाड्यांत वळणाच्या आतल्या बाजूचा खांब अख्खी मोटारसायकल झाकून टाकतो. ही गोष्ट जाहिरातीत कुणी छापत नाही. माझ्या लेखी ती हॉर्सपॉवरच्या आकड्याइतकीच महत्त्वाची आहे.

आता रुंदी. रस्त्यावरची तुमच्या दिशेची लेन तीन मीटरची आहे असं धरू. सन १९५९ ची मूळ मिनी १.४१ मीटर रुंद होती. तिच्या दोन्ही बाजूंना मिळून दीड मीटरहून जास्त जागा मोकळी राहते. बुगाटी शिरॉन दोन मीटरहून रुंद आहे. तिला मीटरभरही उरत नाही. त्या मोकळ्या जागेचा उपयोग काय? आपली लेन न सोडता तुम्ही वळणाच्या बाहेरच्या कडेनं शिरू शकता, मध्यावर आतल्या कडेला येऊ शकता आणि पुन्हा बाहेर जाऊ शकता. काटकोनी वळणावर दर मीटर मोकळ्या जागेमागे तुमच्या मार्गाची त्रिज्या सुमारे तीन मीटरनं वाढते. घट्ट वळणावर हे तीन मीटर जाणवतात. पण मला त्याहून मोलाची वाटते ती मनाची स्वस्थता. समोरून ट्रक आला की रुंद गाडीतला माणूस पाय उचलतो, कड शोधतो, कधी थांबतोच. अरुंद गाडीतला त्याच वेगानं निघून जातो. तासाभराच्या प्रवासात असे वीस प्रसंग आले, तर शिरॉनची १५०० हॉर्सपॉवर ते भरून काढू शकत नाही.

मिनीनं मॉन्टे कार्लो रॅली १९६४, १९६५ आणि १९६७ साली जिंकली, हे पुष्कळांना ठाऊक असेल. १९६४ च्या विजयात लहान इंजिनांना झुकतं माप देणाऱ्या नियमांचा वाटा होता, त्यामुळे तो दाखला मी ताणत नाही.

वजनाबद्दल मात्र मला जरा थांबून बोलायचंय, कारण ते मी स्वतः अनुभवलं आहे. एकदा मी एक वजनदार, भरपूर ताकदीची गाडी लांबलचक उतारावरून खाली आणत होतो. सुरुवातीची दहा मिनिटं गाडी अप्रतिम चालली. दर वळणाआधी जोरात ब्रेक, वळण, पुन्हा वेग. मग एका वळणाआधी ब्रेकचं पेडल पायाखाली मऊ झालं आणि जवळजवळ तळाला गेलं. पेडल दोन-तीनदा मारून आणि खालच्या गिअरवर आणून गाडी कशीबशी आवरली. ते वळण अजून माझ्या स्वप्नात येतं. झालं होतं ते साधंच. ताशी १०० वरून ५० वर येताना एक टनाच्या गाडीला जेवढी ऊर्जा ब्रेकमधून उष्णतेच्या रूपात सोडावी लागते, त्याच्या दुप्पट दोन टनांच्या गाडीला सोडावी लागते. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. डॉट ४ या दर्जाच्या नव्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असतो, पाणी शोषल्यावर तो १५५ पर्यंत उतरू शकतो. ऑइल उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात. वाफ दाबली जाते, त्यामुळे पेडल खाली जातं आणि ब्रेक लागत नाही. माझ्या गाडीचं ऑइल कित्येक वर्षं बदललेलं नव्हतं. ती चूक माझीच होती, पण गाडी निम्म्या वजनाची असती तर तिनं ती चूक पोटात घातली असती.

इलेक्ट्रिक गाड्यांबद्दल नेहमी विचारणा होते. बॅटरी तळाशी असल्यानं त्या वळणात कमी झुकतात, मोटर चाकांकडून ऊर्जा परत घेते म्हणून ब्रेकवरचा ताणही कमी होतो. पण त्यातल्या बऱ्याचशा दोन टनांच्या आसपास आहेत, आणि टायरवर भार वाढतो त्या प्रमाणात पकड वाढत नाही. हलकी इलेक्ट्रिक आली की मी माझं मत आनंदानं बदलेन.

सस्पेन्शनबाबत एकच सांगतो. कडक म्हणजे वेगवान, हा समज ट्रॅकवरून आलेला आहे. खडबडीत रस्त्यावर कडक स्प्रिंगची गाडी उसळते, आणि चाक हवेत असतं तेव्हा टायर कितीही महागडा असला तरी त्याची पकड शून्य असते. २०१७ साली आलेल्या अल्पीन ए११० मध्ये स्प्रिंग मुद्दाम मऊ ठेवल्या आहेत. ११०० किलोच्या आसपास वजन असल्यानं ते परवडतं. वळणात ती थोडी झुकते, आणि त्या झुकण्यातूनच चालकाला कळतं की पकड किती उरली आहे.

हे कळणं किती मोलाचं आहे, ते रॅलीच्या जगाला फार महागात शिकावं लागलं. ग्रुप बी या वर्गातल्या गाड्या हलक्याही होत्या आणि ताकदीच्याही, पण त्यांचा वेग माणसाच्या प्रतिक्रियेच्या पुढे गेला होता. मे १९८६ मध्ये कॉर्सिकाच्या नागमोडी रस्त्यांवर हेन्री टोइव्होनेन आणि त्याचा सहचालक सर्जिओ क्रेस्टो यांची लान्सिया डेल्टा एस४ रस्ता सोडून खाली गेली आणि पेटली. दोघेही गेले. पुढच्या वर्षापासून तो वर्ग बंद झाला. टोइव्होनेन त्या काळातल्या सर्वोत्तम चालकांपैकी एक होता, हे विसरू नका.

तर नावं. कोरड्या रस्त्यासाठी मी माझ्दा एमएक्स-५ निवडेन, कुठल्याही पिढीची. १९८९ ची पहिली टनापेक्षा हलकी होती आणि तिच्यात ११५ च्या आसपास हॉर्सपॉवर होती. आत्ताची टनाच्या थोडी वर आहे आणि रुंदी १.७३५ मीटर. ताकद जास्त हवी असेल तर अल्पीन. रस्ता वर्षातले बरेच महिने ओला किंवा बर्फाळ असेल तर टोयोटा जीआर यारिस. तीन सिलिंडर, चारही चाकांना ताकद, वजन १२८० किलोच्या जवळपास. ती १.८ मीटर रुंद आहे, एवढीच माझी तिच्याबद्दलची तक्रार.

आणि जुनी गाडी घेत असाल, तर बॉनेट उघडण्याआधी टायरशी वाका. बाजूला चार आकडी तारीख असते. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१९ लिहिलं असेल तर तो टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनला. नक्षी भरपूर दिसत असली तरी त्यातलं रबर आता कडक झालेलं असेल. नवे टायर आणि नवं ब्रेक ऑइल घालूनच ती गाडी पहिल्या वळणाकडे न्या.