नदीचं काम

[दृश्य: काळपट पाणी. बुडालेल्या झाडांची खोडं. त्यांच्यामधून सरकणारा लाल-निळ्या माशांचा थवा.]

ब्राझीलमधली रिओ निग्रो. अ‍ॅमेझॉनला मिळणाऱ्या या नदीचं पाणी कोऱ्या चहासारखं दिसतं. जंगलाचा पालापाचोळा त्यात कुजत राहतो आणि पानांतलं टॅनिन पाण्यात उतरतं. पाणी आम्ल, आणि त्यात क्षार जवळजवळ नाहीतच. पाणी चढलं की नदी काठ सोडून थेट रानात शिरते. त्या बुडालेल्या रानात कार्डिनल टेट्रा राहतो. लांबी जेमतेम बोटाच्या दोन पेरांएवढी.

त्याच्या अंगावरची निळी पट्टी रंगद्रव्याची नाही. कातडीतल्या पेशींमध्ये ग्वानिनच्या अतिशय पातळ स्फटिकांच्या चळती असतात. उजेड त्यांच्यावरून परततो आणि आपल्याला निळा दिसतो. रात्री ही पट्टी फिकी पडते. त्यामुळे भल्या पहाटे टाकीचा दिवा लावला की टेट्रा पांढुरके, आजारी असल्यासारखे दिसतात आणि नव्याने मासे पाळणारा धास्तावतो. थोड्या वेळात रंग परत येतो. औषधाची बाटली शोधायची गरज नसते.

या माशाच्या नावावरून भांडणही झालं होतं. 1956 च्या फेब्रुवारीत दोन वेगवेगळ्या शोधनिबंधांत त्याला दोन वेगवेगळी शास्त्रीय नावं मिळाली, तीही एका दिवसाच्या अंतराने. जे नाव आधी छापलं गेलं ते टिकलं.

बार्सेलोस गावाच्या आसपास हे मासे पकडणाऱ्यांना पियाबेइरो म्हणतात. लहान होड्या, हातातली जाळी आणि सापळे, एवढ्यावर त्यांचं काम चालतं. जंगली मासा आणून काचेत ठेवणं वाईटच, असं अनेकांना वाटतं. या एका माशाच्या बाबतीत मला ते पटत नाही. रान उभं असेल तरच मासा मिळतो, त्यामुळे ज्यांचं पोट या माशावर आहे त्यांना रान राखण्यात फायदा दिसतो. त्याचा भाऊबंद निऑन टेट्रा मात्र आज बाजारात येतो तो बहुतेक सगळा शेततळ्यांत आणि टाक्यांत पैदा केलेला.

[दृश्य: 2 फुटी काचेची टाकी. पाणी भरलेलं, फिल्टरचे बुडबुडे, मासे नाहीत.]

आता ही टाकी पाहा. लांबी 60 सेंटीमीटर, रुंदी 30, उंची 30. काठोकाठ भरली तर 54 लीटर पाणी. नुसत्या पाण्याचंच वजन 54 किलो, वर काच आणि वाळू वेगळी. टाकी कशावर ठेवायची याचा विचार म्हणूनच आधी करायचा.

मासा श्वास घेतो तेव्हा त्याच्या कल्ल्यांतून सतत अमोनिया बाहेर पडत असतो. नदीत त्याचं काही बिघडत नाही. वरून नवं पाणी येतं, जुनं वाहून जातं. काचेत मात्र काहीच वाहून जात नाही. उरलेलं खाणं, विष्ठा, कुजलेलं पान, सगळं तिथेच. नदी जे आपोआप करते ते इथे कुणीतरी करायला हवं, आणि त्यातलं मोठं काम डोळ्यांना न दिसणारे जीवाणू करतात.

जीवाणूंचा एक गट अमोनियाचं नायट्राइट करतो. नायट्राइटही विषारीच. ते रक्तात गेलं की हिमोग्लोबिन ऑक्सिजन वाहून नेऊ शकत नाही, रक्त तपकिरी होतं आणि भरपूर हवा असलेल्या पाण्यातही मासा धापा टाकतो. दुसरा गट नायट्राइटचं नायट्रेट करतो. नायट्रेट त्या मानाने सौम्य. थोडं झाडं घेतात, बाकीचं पाणी बदलताना आपण बाहेर काढतो.

हे जीवाणू विकत आणलेल्या नव्या फिल्टरमध्ये नसतात. ते स्पंजवर, वाळूवर, काचेवर हळूहळू वाढतात. साधारण 4 ते 6 आठवडे लागतात. या काळात मासे न सोडता टाकीत अमोनियाचा थोडा पुरवठा करत राहायचं आणि टेस्ट किटने पाणी तपासत राहायचं. आधी अमोनिया चढतो. मग तो उतरतो आणि नायट्राइट चढतं. मग तेही उतरतं. दोन्ही शून्यावर आली आणि नायट्रेट दिसू लागलं की टाकी सायकल झाली, म्हणजे मासे सोडायला तयार झाली. या छंदात सगळ्यात अवघड काय असेल तर हे रिकाम्या टाकीकडे बघत बसणं. बहुतेक मासे घाईने मरतात, रोगाने नव्हे. संध्याकाळी टाकी आणली, रात्री भरली, सकाळी 10 मासे सोडले आणि आठवड्याभरात एकेक जाऊ लागला. मग दोष माशांना दिला जातो: ‘नाजूक होते.’

[दृश्य: जुन्या रेखाचित्रासारखी काचेची बरणी. गोल्डफिश, लांब पात्यांची पाणवनस्पती, गोगलगाई.]

या जीवाणूंचा पत्ता लागायच्या आधीपासून लोक मासे पाळत होते. लंडनमधले रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी 1850 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. पाण्यात गोल्डफिश आणि वॅलिस्नेरिया ही वनस्पती. मासा कार्बन डायऑक्साइड सोडतो, झाड ऑक्सिजन देतं, हिशेब जुळला. पण झाडाची जुनी पानं कुजून पाणी बिघडू लागलं, तेव्हा त्यांनी ती खायला गोगलगाई सोडल्या. टाकी टिकली. तीनच वर्षांनी लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यालय उघडलं. अमोनियाचं पुढे काय होतं हे मात्र 1890 च्या सुमाराला सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ सेर्गेई विनोग्राद्स्की यांच्या कामातून कळलं. आणि गोड्या पाण्याच्या टाकीत नायट्राइट संपवणारा जीवाणू पुस्तकांत लिहिलेला नायट्रोबॅक्टर नसून मुख्यतः नायट्रोस्पिरा आहे, हे कळायला 1998 उजाडलं.

[दृश्य: बादलीतल्या टाकीच्या पाण्यात पिळला जाणारा काळपट स्पंज.]

म्हणून फिल्टरचा स्पंज नळाखाली धरून लख्ख धुणं ही स्वच्छता नाही. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन जंतू मारायलाच घातलेलं असतं, ते या जीवाणूंनाही सोडत नाही. टाकीतूनच काढलेल्या बादलीभर पाण्यात स्पंज दोनदा पिळायचा, मळ निघाला की पुरे. तो काळपटच राहू द्यायचा.

पाणी बदलायचं ते दर आठवड्याला, साधारण पाव टाकी. नव्या पाण्यात आधी अँटिक्लोरिन, म्हणजे क्लोरीन घालवणारं द्रावण, टाकायचं आणि त्याचं तापमान टाकीशी जुळवायचं. ‘पाणी कमी झालं की मी वरून भरतो’ असं सांगणारे पुष्कळ भेटतात. उडून जातं ते निव्वळ पाणी. क्षार आणि नायट्रेट मागेच राहतात, वरून भरल्याने ते वाढतच जातात.

याच्याही पुढे एक डाव आहे, तो जुन्या टाकीत रंगतो. पाण्याला आम्ल होऊ न देणारे क्षार जीवाणू काम करताना खातात. महिनोन् महिने पाणी बदललं नाही तर पीएच (पाणी किती आम्ल आहे ते सांगणारा आकडा; तो जितका कमी तितकं पाणी जास्त आम्ल) घसरत जातो. तो 6 च्या खाली गेला की जीवाणूंचं काम मंदावतं, अमोनिया साचू लागतो, तरी मासे जिवंत असतात. कारण आम्ल पाण्यात अमोनिया जवळजवळ सगळा अमोनियमच्या रूपात असतो आणि ते रूप फारसं बाधत नाही. पीएच 7 ला विषारी भाग शंभरात एकसुद्धा नसतो, पीएच 8 ला तो 5 च्या आसपास जातो. अशा टाकीचा मालक एक दिवस मनावर घेतो, अर्ध्याहून जास्त पाणी एकदम बदलतो, पीएच उसळी घेतो, साचलेलं अमोनियम अमोनिया होतं. दुसऱ्या दिवशी मासे तरंगताना दिसतात. ‘पाणी बदललं म्हणून मेले’ या समजुतीचं मूळ अनेकदा इथे असतं. अशा टाकीत आठवडाभर रोज थोडं थोडं पाणी बदलावं.

आणि मासा पाणी पितो का? गोड्या पाण्यातला मासा फारसा पीत नाही. त्याच्या अंगातले क्षार बाहेरच्या पाण्यापेक्षा जास्त असतात, त्यामुळे पाणी कल्ल्यांतून आपसूक आत शिरत राहतं आणि मासा ते पातळ लघवीवाटे सारखं बाहेर टाकत असतो. बाहेरच्या पाण्यातले क्षार अचानक बदलले तर हा तोल सांभाळणं त्याला जड जातं. पिशवीतून आणलेला मासा थेट टाकीत ओतू नये, पिशवीत टाकीचं पाणी थोडं थोडं घालावं, ते एवढ्यासाठी.

[दृश्य: हीटर, थर्मामीटर, पाण्याच्या पृष्ठभागावर तोंड लावणारा फायटर.]

उष्ण कटिबंधातल्या बहुतेक माशांना 24 ते 27 अंश सेल्सिअस तापमान मानवतं. थंडीसाठी हीटर असतो. उकाड्याची अडचण वेगळी. 20 अंशांना एका लीटर पाण्यात सुमारे 9 मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, 30 अंशांना साडेसात. पाणी तापलं की ऑक्सिजन घटतो आणि नेमकी तेव्हाच माशाची गरज वाढते. एअर पंप लावून पृष्ठभाग हलता ठेवणं हा सोपा उपाय.

फायटर आणि गौरामी या माशांनी स्वतःची सोय केलेली आहे. कल्ल्यांच्या वर त्यांना चक्रव्यूहासारखा एक अवयव असतो, त्यातून ते पृष्ठभागावरची हवा घेतात. त्याचा गैरफायदा माणसाने घेतला आणि फायटरला बरणीत कोंबला. बरणीत तो मरत नाही, पण अमोनिया त्यालाही जाळतो आणि थंडी त्यालाही बाधते. चांगल्या टाकीतला नर तोंडातल्या बुडबुड्यांचं घरटं बांधतो, खाली पडणारं अंडं तोंडात धरून पुन्हा घरट्यात ठेवतो. बरणीतल्या माशाकडून हे काय पाहायला मिळणार?

[दृश्य: झेब्रा डॅनिओंचा थवा. मग तांबडी रेघ असलेले लांबट मासे.]

पहिल्यांदा कोणते मासे घ्यावेत? झेब्रा डॅनिओ घ्यावेत. 1822 मध्ये निसर्ग अभ्यासक फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी गंगेच्या माशांसोबत याची नोंद केली. चिवट आणि सतत पळणारा मासा. आज जगभरच्या प्रयोगशाळांमध्ये तो आहे, कारण त्याचा गर्भ पारदर्शक असतो. आपल्या जनुकांपैकी सुमारे 70 टक्क्यांना त्याच्यात जोडीदार सापडतो. मात्र एकटा नको, किमान 6. टेट्रा, बार्ब, डॅनिओ हे थव्यात जगणारे मासे. एकेकटा कोपऱ्यात लपून बसतो आणि लोक त्याला ‘शांत’ म्हणतात.

ही तांबड्या रेघेची जात म्हणजे डेनिसन बार्ब, सह्याद्रीच्या दक्षिण टोकाकडच्या ओढ्यांतली. माशांचे अभ्यासक फ्रान्सिस डे यांनी 1865 मध्ये तिचं वर्णन केलं. 2013 मध्ये तिच्यासाठी नवी प्रजाती (जीनस, म्हणजे जवळच्या जातींचा गट) मांडली गेली, तिचं नाव सह्याद्रिया. या छंदाने तिला जगभर नेलं आणि नदीतली तिची संख्या घटली. कार्डिनलबद्दल जे म्हटलं ते इथे लागू पडत नाही. घ्यायचीच तर पैदास केंद्रातली घ्यावी.

काचेवर टिचक्या मारू नयेत, ही केवळ शिस्तीची बाब नाही. टेट्रा, बार्ब आणि मार्जारमीन (कॅटफिश) या गटांत हवेची पिशवी आणि आतला कान यांना जोडणारी बारीक हाडांची साखळी असते. त्यांना आपल्या अंदाजापेक्षा बरंच चांगलं ऐकू येतं.

[दृश्य: पंखावर मिठाच्या कणांसारखे ठिपके.]

हा इक. कातडीखाली बसलेला एकपेशीय परजीवी. तिथे त्याला औषध पोहोचत नाही. तो गळून तळाशी जातो, विभागून शेकडो पिल्लं सोडतो आणि ती नवा मासा शोधत पोहत असतात तेव्हाच औषध लागू पडतं. म्हणून तापमान हळूहळू वाढवून त्याचं चक्र वेगाने फिरवायचं, हवेचा पंप चालू ठेवायचा आणि ठिपके दिसेनासे झाले तरी औषध मध्येच सोडायचं नाही.

[दृश्य: काचेला तोंड चिकटवलेला काळा, खडबडीत मासा.]

शेवटी हा सकर. ‘टाकी साफ करतो’ म्हणून बोटभर असताना घेतला जातो. शेवाळ थोडं खातो, पण घाण स्वतःच सगळ्यांत जास्त करतो, आणि वाढून फूटभराच्याही पुढे जातो. मग एका संध्याकाळी कुणीतरी त्याला जवळच्या तळ्यात सोडून येतो. जीव वाचवला, असं वाटतं. हा दक्षिण अमेरिकेतला मासा आज अनेक उष्ण देशांच्या नद्या-तलावांत ठाण मांडून आहे. अंगावर हाडांचं कवच, त्यामुळे खाणारे कमी. काठांत बिळं खोदून तो अंडी घालतो, काठ ढासळतात, कोळ्यांची जाळी फाटतात.

नको झालेला मासा दुकानदाराने परत घेतला तर द्यावा, नाहीतर मोठी टाकी असलेला दुसरा पाळणारा शोधावा. छाटलेली पाणवनस्पतीही गटारात किंवा ओढ्यात टाकू नये, वाळवून टाकावी. आणि 2 फुटी टाकी असेल तर सकर मुळात घेऊच नये. शेवाळासाठी दिवा दिवसातून 6 ते 8 तासच लावावा आणि काच आपल्या हाताने पुसावी.