मनावरचा ताण आणि इम्प्लांटभोवतीचे हाड

नमस्कार. सोलापुरात दाताचे इम्प्लांट, म्हणजे गेलेल्या दाताच्या जागी जबड्याच्या हाडात रोवायचा टायटॅनियमचा स्क्रू, बसवून घेणाऱ्याचा पहिला प्रश्न बहुधा एकच असतो: कडक भाकरी आणि शेंगाचटणी पुन्हा कधी खाता येईल? त्याचे उत्तर स्क्रूपेक्षा जबड्याच्या हाडावर अवलंबून असते.

टायटॅनियमशी हाड थेट एकजीव होते, हे ओळखून स्वीडनच्या ब्रॉनमार्क यांनी १९६५ मध्ये पहिल्या रुग्णाला असे इम्प्लांट बसवले. पहिल्या दिवशी इम्प्लांट घट्ट असते, ते भिंतीत ठोकलेल्या खुंटीसारखे, जुन्या हाडाच्या पकडीमुळे. पुढे ऑस्टिओक्लास्ट पेशी ते दुखावलेले हाड झिजवतात आणि ऑस्टिओब्लास्ट पेशी नवे रचतात. साधारण दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात जुनी पकड सैलावलेली असते आणि नवी पुरती आलेली नसते. नेमके तेव्हाच दुखणे थांबल्यामुळे माणूस निर्धास्त होतो.

आता यंत्रमागाचे हप्ते थकल्याने महिनोन्‌महिने झोप उडालेला एखादा कारखानदार डोळ्यांसमोर आणा. सततच्या ताणाने मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथींतून कॉर्टिसॉल हे ताणाचे संप्रेरक अधिक काळ स्रवत राहते. ते दीर्घकाळ चढे राहिले, तर हाड रचणाऱ्या पेशी कमी तयार होतात व लवकर मरतात, आणि झिजवणाऱ्या पेशींना मात्र बळ मिळते. प्राण्यांवरच्या प्रयोगांत हे दिसले आहे. माणसांतला एक बोलका प्रयोग हाडाचा नव्हे, टाळूचा आहे: १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात दंतवैद्यकाच्या ११ विद्यार्थ्यांच्या टाळूवर केलेली ३.५ मिलिमीटरची जखम सुट्टीपेक्षा परीक्षेच्या दिवसांत सरासरी तीन दिवस उशिरा भरली. परीक्षा तर चार दिवसांची, हप्ते वर्षानुवर्षांचे!

शिवाय ताणातला माणूस झोपेत दात खातो आणि त्याची तंबाखूची चिमूटही वाढते. मला या दोन गोष्टी कॉर्टिसॉलइतक्याच महत्त्वाच्या वाटतात, कारण त्या निदान आपल्या हातात असतात: दात खाण्यासाठी रात्री दातांवर घालायचा गार्ड मिळतो, चिमूट सोडता येते.

म्हणून दंतवैद्यांना मधुमेह सांगता, तितक्याच सहजपणे उडालेली झोप आणि दम्यासाठी घेत असलेल्या, कॉर्टिसॉलसारखेच काम करणाऱ्या स्टेरॉईडच्या गोळ्याही सांगा. मात्र त्या गोळ्या स्वतःहून बंद करू नका. हे कळले, की दंतवैद्य इम्प्लांटवर दाताची कॅप बसवण्याची घाई टाळून तीन महिन्यांऐवजी सहा महिने थांबायला सांगू शकतात. तोवर कडक भाकरी आमटीत पुरती भिजवून, दुसऱ्या बाजूने खावी.