दुखत नाही, पण जबडा सुजलाय?

नमस्कार. माझा दवाखाना ठाण्यात, नौपाड्यात आहे. आज हा एक्स-रे बघा. (फिल्म कॅमेऱ्यासमोर धरून) पूर्ण जबड्याचा, याला ओपीजी म्हणतात. इथे अक्कलदाढेपाशी साबणाच्या फेसासारखे बुडबुडे दिसतात ना? तिथलं हाड पोखरलंय. शेजारच्या दाढेची मुळंही झिजून आखूड झालीत.

ज्या ताईंचा हा एक्स-रे, त्यांच्या परवानगीनेच दाखवतेय. गाल भरल्यासारखा वाटायचा, दुखत काहीच नव्हतं, म्हणून दोन वर्षं अंगावर काढली. मधे दोनदा अँटिबायोटिक झालं, एक दाढही काढून झाली. सूज तशीच. मी हिरडीवर बोट दाबलं तर हाड अंड्याच्या कवचासारखं दबलं. तेव्हा माझ्याच पोटात गोळा आला.

बायोप्सीत निघाला अमेलोब्लास्टोमा. दाताचं एनॅमल घडवणाऱ्या पेशींच्या कुळातली ही गाठ, बहुतेकदा खालच्या जबड्यात मागच्या बाजूला होते. हा कॅन्सर नाही, पण जागच्या जागी हाड खात जाते. आणि नुसत्या एक्स-रेवर नाव ठरवू नका. दाताभोवतीची साधी सिस्ट, म्हणजे पाण्याची पिशवीसुद्धा कधीकधी अशीच दिसते. बायोप्सीने गाठ पसरेल ही भीती मी सतत ऐकते. नाही पसरत हो! तुकडा तपासल्याशिवाय पुढचं ऑपरेशन ठरवताच येत नाही.

ताईंच्या यजमानांनी विचारलं, "डॉक्टर, नुसती खरवडून काढा ना, जबडा कशाला कापायचा?" प्रश्न अगदी रास्त होता. पण या गाठीच्या पेशी चांगल्या दिसणाऱ्या हाडातही शिरलेल्या असतात. खरवडली तर पुष्कळदा परत येते. म्हणून नेहमीच्या प्रकारात गाठीभोवतीचं १ ते २ सेंटीमीटर हाडही काढतात. एकाच पोकळीची गाठ असेल तर काही जणांचं कमी ऑपरेशनवर भागतं.

मोठा तुकडा गेला तर पायातलं फिब्युला हाड त्याच्या रक्तवाहिन्यांसकट आणून बसवतात, त्या वाहिन्या मायक्रोस्कोपखाली मानेतल्या वाहिन्यांना जोडतात. पुढे त्यावर इम्प्लांटचे दातही बसवता येतात. बऱ्याच गाठींत बीआरएएफ या, पेशींच्या वाढीशी संबंधित जीनमधला बदल २०१४ मध्ये सापडला, त्यावरच्या गोळ्यांनी काहींची गाठ लहानही झालीय. तरी आज मुख्य इलाज ऑपरेशनच.

अशी सूज असेल तर ओपीजी काढा आणि मॅक्सिलोफेशियल, म्हणजे जबडा-चेहऱ्याच्या सर्जनला दाखवा. नेरूळ, कामोठ्याच्या डेंटल कॉलेजांतही हा विभाग आहे.

ही गाठ दहा वर्षांनीही परतू शकते. ताईंच्या फाइलवर पुढच्या ओपीजीची तारीख मी लाल पेनाने लिहून ठेवलीय.