नियतकालिक वाढतंय, मग वाढीचा दर घसरलेला का दिसतो?

नमस्कार. कृषी संशोधन नियतकालिकाचे शोधनिबंध मोजायचे म्हटलं की बरेच जण डेटाबेसमधून यादी उतरवतात आणि थेट सूत्राला हात घालतात. आधी यादी साफ करा. संपादकीय, पुस्तक परीक्षण, शुद्धिपत्र बाजूला काढा. लघु संशोधन टिपणं धरायची की नाही, हे सुरुवातीलाच ठरवा. मध्येच निर्णय बदलला तर वर्षावर्षांची तुलना कोलमडते. वर्ष धरायचं ते अंकावर छापलेलं. डिसेंबरचा अंक रेंगाळून मार्चमध्ये ऑनलाइन आला, तर डेटाबेस त्याला पुढच्या वर्षात टाकू शकतो. परिषदेचा विशेषांक वेगळा दाखवा, नाहीतर त्या वर्षी उगाच उसळी दिसते.

आता खरी गोम. वाढीचा सापेक्ष दर म्हणजे यंदाच्या संचयी संख्येचा, म्हणजे सुरुवातीपासून यंदापर्यंतच्या एकूण निबंधांचा, नॅचरल लॉग (e पायाचा लॉगॅरिदम) वजा गेल्या वर्षीच्या संचयी संख्येचा नॅचरल लॉग. स्क्रीनवर बघा: तीन वर्षांत 120, 130 आणि 140 निबंध. संचयी बेरीज 120, 250, 390. दर येतो 0.73, मग 0.44. निबंध दरवर्षी वाढताहेत, तरी दर कोसळला! आणि अहवालात लिहिलं जातं, 'वाढ मंदावली.' हे साफ चूक आहे. आपण मोजणी शून्यापासून सुरू केली, म्हणून पहिला दर फुगला.

समजा, त्याआधीच या नियतकालिकात 2000 निबंध छापून झालेत. ते धरले की बेरीज होते 2120, 2250, 2390, आणि दर 0.0595 वरून 0.0604 वर जातो. म्हणजे किंचित वाढतो. म्हणून पहिल्या खंडापासूनचे निबंध मोजा. जुने खंड मिळतच नसतील, तर हा दर देऊ नका. वार्षिक संख्या आणि तीन वर्षांची सरासरी द्या, ती जास्त प्रामाणिक आहे.

निबंधांची संचयी संख्या दुप्पट होण्याचा काळ म्हणजे 0.693 भागिले हा दर. एक्सेलमध्ये इथे हमखास घोटाळा होतो: नॅचरल लॉगच्या 'एलएन'ऐवजी 'लॉग' वापरलं जातं, ते दहाच्या पायाचं असतं, आणि काळ खऱ्या काळाच्या दुपटीहून जास्त निघतो.

सहलेखनाचं प्रमाण काढायचं असेल, तर माहितीशास्त्राचे अभ्यासक सुब्रमण्यम यांचं 1983 चं सूत्र आहे: बहुलेखकी निबंध भागिले एकूण निबंध. पण शेतीतल्या प्रयोगांत पैदासकार, रोगशास्त्रज्ञ, संख्याशास्त्रज्ञ एकत्र असतात, त्यामुळे उत्तर बहुधा 1 च्या जवळच अडकतं. त्याच्या जोडीला प्रति निबंध सरासरी लेखकसंख्या द्या. बदल तिथे दिसतो.